नऊ, चौदा की अठरा? कमी कॅरेटच्या सोन्याविषयी वाचकांचे प्रश्न

भाव चढत गेला तशी 'बावीसच दाखवा' म्हणणारी गिऱ्हाइकंही अठरा, चौदा, नऊ असे आकडे विचारू लागली आहेत. जुलै २०२५मध्ये भारतीय मानक ब्यूरोने नऊ कॅरेटलाही हॉलमार्किंगच्या यादीत घेतलं आणि आमच्याकडच्या पत्रांत या विषयाची चांगलीच भर पडली. हिशेब सोपा जावा म्हणून उत्तरांत शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे. आजचा भाव घालून आकडे बदलून घ्यावेत.

प्रश्न : भाचीच्या लग्नात गळ्यातलं द्यायचं आहे. सराफ म्हणतात, नऊ कॅरेटमध्ये करा, दिसायला तेच आणि किंमत निम्म्याहून कमी. नऊ कॅरेटला सोनं म्हणायचं का? — एक वाचक, सांगली

म्हणायचं. चोवीस भागांत नऊ भाग सोनं, म्हणजे हजारात ३७५. उरलेलं ६२५ हीण : तांबं, चांदी आणि थोडं जस्त. वरून मुलामा दिलेल्या 'एक ग्रॅम' दागिन्याशी याची गल्लत करू नका. त्यात आत तांबं किंवा पितळ असतं आणि वर सोन्याचा पातळ थर. नऊ कॅरेटचा दागिना कुठेही कापला तरी आतून बाहेरून एकच धातू.

किमतीचं गणित मात्र सराफाने सांगितलं त्यापेक्षा वेगळं आहे. सोनं जड, तांबं त्याच्या निम्म्याहूनही हलकं. बावीस कॅरेटच्या एका घन सेंटिमीटरचं वजन १७.७ ग्रॅमच्या आसपास भरतं, अठराचं १५.४, चौदाचं १३.२ आणि नऊचं ११.२. हिणाच्या मिश्रणानुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. आता बावीसमध्ये १० ग्रॅम भरणारा हार त्याच मापाचा, त्याच जाडीचा नऊमध्ये केला तर तो ६.३ ग्रॅमच भरेल आणि त्यात शुद्ध सोनं २.३७ ग्रॅम असेल. सोन्याची किंमत बावीसमध्ये ९१,६०० रुपये, नऊमध्ये साधारण २३,७००. निम्मी कसली, जवळजवळ चौथाई. म्हणून दोन कॅरेटांची तुलना करताना 'दहा ग्रॅमला किती' असं विचारू नका, 'याच नगाला किती' असं विचारा. नऊ कॅरेटचे दहा ग्रॅम घेतलेत तर दागिना दीडपटीहून जास्त भरीव होईल, ते हवं असेल तर गोष्ट वेगळी.

'दिसायला तेच' हेही पुरतं खरं नाही. नऊ कॅरेटचा मूळ रंग फिकट असतो, चांदी जास्त असेल तर हिरवट झाक, तांबं जास्त असेल तर तांबूस. दुकानात तो बावीससारखा पिवळाधमक दिसत असेल तर वरून मुलामा दिला आहे. तो कडांवरून आणि कड्यांच्या घासणाऱ्या जागांवरून आधी उडतो. घेतानाच विचारा : मुलामा आहे का, आणि पुन्हा देण्याचे किती पडतील?

भाचीला घालायला द्यायचं असेल तर नऊ कॅरेट चालेल. अडीनडीला मोडता यावं म्हणून द्यायचं असेल तर तेवढ्याच पैशात बावीसची वेढणी किंवा नाणं द्या.

प्रश्न : घडणावळीचं काय? एका पेढीवर टक्क्यांत सांगतात, दुसरीकडे ग्रॅमवर. — एक वाचक, अमरावती

कमी कॅरेटमध्ये पैसे इथेच गळतात. कारागिराचे हात बावीसवर जेवढे चालतात तेवढेच नऊवर चालतात, कधी थोडे जास्तच. म्हणून मजुरी कॅरेटच्या प्रमाणात उतरत नाही.

५ ग्रॅमचं कानातलं घ्या. घडणावळ ग्रॅमला ७०० रुपये, म्हणजे ३,५०० रुपये. बावीस कॅरेटमध्ये सोन्याची किंमत ४५,८००, त्यावर मजुरी साडेसात टक्क्यांच्या आसपास. नऊ कॅरेटमध्ये सोनं १८,७५०चं, तीच मजुरी पावणेएकोणीस टक्के. मोडीत देताना घडणावळ परत मिळत नाही, त्यामुळे नऊ कॅरेटमध्ये बुडणारा वाटा मोठा. टक्क्यांत सांगितली की आकडा लहान वाटतो. तेव्हा रुपयांत काढून मागा आणि बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट, त्या कॅरेटचा भाव, घडणावळ, खड्यांचं वजन आणि किंमत, हॉलमार्किंगचा आकार आणि जीएसटी असे वेगवेगळे रकाने आहेत का ते पाहा. एका ठोक रकमेचं बिल घेऊ नका.

आणखी एक. नऊ कॅरेटचा भाव शुद्ध सोन्याच्या ३७.५ टक्के यायला हवा. काही ठिकाणी तो ४० ते ४२ टक्क्यांनी लावतात आणि 'हिणाची किंमत' असं कारण देतात. तांब्याची किंमत ग्रॅममागे रुपया-दीड रुपयांच्या घरात असते, चांदीचा वाटाही फार होत नाही. वरचे टक्के म्हणजे नफा. तो घेऊ नये असं नाही, पण तो घडणावळीत दिसला पाहिजे, भावात नव्हे.

प्रश्न : रोज लोकलने प्रवास. वापरायचं मंगळसूत्र अठराचं करू की चौदाचं? वाट्या सासरच्या, बावीसच्या आहेत. — एक वाचक, डोंबिवली

अठराचं करा. कारणं सांगतो.

शुद्ध सोनं इतकं मऊ की पातळ पत्रा बोटांनी वाकतो. हीण घातलं की ते टणक होतं. बावीसपेक्षा अठरा आणि चौदा बरंच टणक. पण कॅरेट जितकं खाली जाईल तितका टणकपणा वाढतच जातो, हा समज चुकीचा आहे. चौदाच्या खाली सरसकट तसं होत नाही. नऊ कॅरेट घासण्याला बऱ्यापैकी तोंड देतं, पण घामाला आणि रसायनांना कमी, त्याचं कारण पुढच्या उत्तरात येईलच.

मंगळसूत्र तुटतं ते बहुधा तीन जागी. एक, वाटीच्या कडीत सर अडकवलेला असतो तिथे. दोन, मागच्या आकड्यापाशी. तीन, काळे मणी तारेत गुंफून प्रत्येक टोकाला तारेचा वेढा दिलेला असतो, त्या वेढ्याच्या मुळाशी. तिसऱ्या जागेसाठी कमी कॅरेट वाईट. वेढा द्यायला तार दोनतीनदा वाकवावी लागते. नऊची आणि काही वेळा चौदाची तार तेवढ्यात कडक होते, मुळाशी बारीक चीर पडते आणि दोनतीन महिन्यांनी मणी सांडतात. तापवून मऊ केलेली अठराची तार वाकते आणि टिकतेही.

पहिल्या जागेची अडचण वाट्यांची आहे. बावीसच्या मऊ कडीत चौदाची टणक कडी रोज घासली तर झिजणार ती बावीसची, म्हणजे तुमची जुनी वाटी. मधे बावीसचीच एक जाड जोडकडी घाला. झिजली की ती एकटी बदलता येते, वाटी शाबूत राहते. वर्षातून एकदा भिंगातून बघून घ्या : कडीची जाडी आतल्या बाजूने निम्मी उरली असेल तर थांबू नका.

आकड्याऐवजी स्प्रिंगचा लॉबस्टर, म्हणजे खटक्याने बंद होणारा आकडा बसवून घ्या, गर्दीत ओढ बसली तर बावीसचा एस आकडा सरळ होतो. साखळी पोकळ घेऊ नका. पोकळ साखळीची कडी चेपली की उठवता येत नाही आणि झाळताना, म्हणजे धातू वितळवून सांधताना, पातळ पत्रा जळतो. घेताना कड्यांचे सांधे झाळलेले आहेत का तेही बघा. नख फिरवलं आणि सांध्यात अडकलं तर कडी नुसती वळवलेली आहे.

बिलावर वाट्या आणि सर यांची वजनं वेगळी लिहून घ्या. ४ ग्रॅम बावीस आणि ६ ग्रॅम चौदा एकत्र वितळवले तर लगड हजारात ७१७ची, म्हणजे सव्वासतरा कॅरेटची निघते. मोडताना सगळं एकत्र मुशीत टाकू देऊ नका.

प्रश्न : नऊ कॅरेटची साखळी चार महिन्यांत काळवंडली. फसवलं का? — एक वाचक, पुणे

फसवलंच असं नाही. वजनाने ३७.५ टक्के सोनं म्हटलं की एक गोष्ट नजरेआड होते : सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून जड असतो. अणू मोजले तर नऊ कॅरेटमध्ये शंभरात सोन्याचे फक्त १७-१८ निघतात, बाकी तांबं-चांदी-जस्त. चौदात ३६च्या आसपास, अठरात मात्र ५५. शंभरात निम्मे अणू सोन्याचे असतील तर ते इतरांना झाकून धरतात आणि आम्लांना, गंधकाला दाद देत नाहीत. ही रेषा अठरा कॅरेटच्या जवळपास पडते. म्हणूनच सराफाच्या कसोटीवर नऊची रेघ नुसत्या नायट्रिक आम्लाने विरते आणि अठराची टिकते. घाम, दमट हवा, गंधक असलेली त्वचेची मलमं, केसांचे रंग, ब्लीच हे सगळं त्याच आम्लाचं मवाळ रूप समजा.

आता तुमचं काळवंडणं कोणत्या प्रकारचं ते पाहू. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाका, साखळी दहा मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने कड्यांच्या आतून घासा, स्वच्छ धुवून सुती कापडाने पूर्ण कोरडी करा. रिठ्याचं पाणीही चालेल. डाग गेले तर तो वरचा थर होता, चिंता नको. कोरड्या पॉलिशच्या कापडाने पुसून हवाबंद पिशवीत ठेवत जा. फक्त सांध्यांपाशीच काळं उरलं तर झाळ हलक्या कसाची वापरली आहे किंवा साफ करतानाचं आम्ल कड्यांत राहिलंय. सराफाकडे परत न्या, ही त्याची चूक. ठिपक्याठिपक्यांनी रंग बदलला असेल आणि मधे पिवळं, मधे तांबूस दिसत असेल तर मुलामा उडतोय. साखळी चकचकीत पण मानेवर काळा पट्टा, असं असेल तर तो पावडर किंवा सनस्क्रीनमधल्या बारीक कणांनी घासून निघालेला धातू आहे. हे बावीसलाही होतं.

टूथपेस्ट, चिंच आणि पितळेची पावडर यांपासून साखळी लांब ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लोरीन. पोहण्याचा तलाव आणि ब्लीचचं पाणी कमी कॅरेटला नुसतं काळं करत नाही, तडकवतं. वाकवून, ओढून घडवलेल्या धातूत ताण राहिलेला असतो. क्लोराइड त्या ताणाच्या जागी शिरतं आणि एक दिवस कडी किंवा खड्याची नखी न झिजताच मोडते. मोडलेली जागा भिंगाखाली बघा, ती ओढून लांबल्यासारखी नसून काचेसारखी कोरडी तुटलेली दिसते. अठरा आणि वरच्या पिवळ्या सोन्यात हा प्रकार क्वचित.

प्रश्न : हिऱ्याची अंगठी बावीसमध्ये का करत नाहीत? — एक वाचक, नागपूर

नख्या मऊ पडतात म्हणून. दारात हात अडकला, नखी पाऊण मिलिमीटर उघडली, खडा गेला. चौदा किंवा अठरा घ्या. पांढऱ्या सोन्यात निकेल आहे की पॅलेडियम ते विचारा. निकेलची ॲलर्जी असेल तर पॅलेडियमचं घ्या. वरचा ऱ्होडियमचा मुलामा अधूनमधून नव्याने द्यावा लागेल.

प्रश्न : नातवाचे कान टोचायचे आहेत. नऊ कॅरेटच्या बाळ्या स्वस्त पडतात. — एक वाचक, नाशिक

नको. ताजी जखम, बाळाचा घाम आणि ६२.५ टक्के हीण, असा मेळ घालू नये. सोनार कान टोचायला पूर्वापार बारीक, मऊ तार वापरतात ती उगाच नाही. तिचं टोक कानात फिरवून वळवता येतं आणि वळवल्यावर तसंच राहतं. नऊची तार उसळी मारून उघडते, टोक टोचत राहतं. बावीसची साधी तार घ्या, अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी लागते. भोक पूर्ण भरून आल्यावर बाळ्या बदला आणि त्याही अठराच्या खाली नकोत. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे, एवढ्यावरून ही गोष्ट किती नाजूक ते कळेल.

प्रश्न : चौदा आणि नऊमध्ये काम सुरू केलं आहे. लाटताना पत्रा कडांनी फाटतो, आणि जुना माल पुन्हा ओतला की रंग लाल होतो. — एक कारागीर, कोल्हापूर

दोन्ही दुखणी वेगळी. आधी फाटण्याचं बघू.

बावीस कॅरेट कितीही लाटलं तरी सोसतं, त्या सवयीने चौदा लाटलं की फाटतं. जाडी निम्मी झाली की थांबा आणि तापवा : ४ मिलिमीटरची पट्टी २ वर आली की तापवणं, मग २ची १. तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात पाहिलं तर मंद लाल. त्याहून जास्त तापवलं की कण मोठे होतात आणि पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. तांबं जास्त असलेलं गुलाबी सोनं, चौदा असो की अठरा, लाली मावळताच लगेच पाण्यात विझवा. हवेत सावकाश गार झालं तर सोनं आणि तांब्याचे अणू ओळीने रचले जातात आणि धातू ठिसूळ होतो. अनेकांचे तुकडे फाटतात ते लाटण्याने नव्हे, या गार होऊ देण्याने.

दुसरा संशय शिशावर घ्या. वाटी ठोकायला शिशाचा ठोकळा वापरत असाल तर त्याचा कण पत्र्याला चिकटून भट्टीत जातो, आणि एवढासा कणही पत्रा ठिसूळ करतो. मधे कातड्याचा तुकडा घाला आणि तापवण्याआधी पत्रा पुसून घ्या.

तापवण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, नाहीतर तांबं जळून काळा थर आत शिरतो आणि उजाळा देताना जांभळे डाग वर येतात. साफ करायच्या आम्लात लोखंडी चिमटा बुडवू नका, सगळ्या मालावर तांब्याचा थर चढतो. तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा ठेवा.

आता रंग. पिवळेपणा टिकवण्यासाठी चौदा आणि नऊमध्ये जस्त घालतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि ओतायचं तापमान त्याच्या वर असतं. प्रत्येक वेळी वितळवताना थोडं जस्त धुरावाटे जातं, उरलेलं तांबं वरचढ होतं, रंग लाल पडतो आणि ओतीव नगांत बारीक छिद्रं राहतात. निम्मा जुना, निम्मा नवा माल, हे प्रमाण सोडू नका. जस्त सुटं टाकू नका, तयार मास्टर अलॉय, म्हणजे आधीच मिसळलेलं हीण घ्या, आणि ओतकामाचा वेगळा, लाटण्याचा वेगळा. ओतकामाच्या अलॉयमध्ये सिलिकॉन असतो, त्याने नग चकचकीत निघतो, पण त्याचाच पत्रा लाटायला गेलात तर फाटेल.

कस उतरवण्याचा हिशेब : जुनं वजन गुणिले जुना कस, भागिले नवा कस. १० ग्रॅम ९१६चं (बावीस कॅरेट) ७५० (अठरा) करायचं तर एकूण १२.२१ ग्रॅम, म्हणजे २.२१ हीण. ५८५ला (चौदा) ५.६६. ३७५ला तब्बल १४.४३. पण बरोबर ३७५ला नेऊ नका. झाळ आणि तोलातली चूक धरून ३७८ ठेवा, म्हणजे हीण १४.२३. शिक्क्यापेक्षा कमी भरलेला माल हॉलमार्किंग केंद्रातून परत येतो आणि तेव्हा वाचवलेल्या दोन गुंजांपेक्षा नुकसान मोठं असतं. झाळही त्याच कसाची हवी.

एक इशारा. जुन्या मालात 'केडीएम' असेल तर त्याच्या झाळेत कॅडमियम आहे. ते ७६७ अंशांनाच उकळतं, धूर फुप्फुसांसाठी घातक आहे. असा माल बंद खोलीत वितळवू नका, शुद्धीकरणाला द्या.

प्रश्न : ठुशी किंवा कोल्हापुरी साज चौदामध्ये होईल का? — एक वाचक, इचलकरंजी

होईल, पण मनाजोगता होणार नाही. साजाची पानं आणि मणी पातळ पत्र्यावर ठसा उठवून करतात आणि आत लाख भरतात. ठसा खोल उठायला पत्रा मऊ लागतो. चौदाच्या पत्र्यावर कडा बोथट राहतात, खोलवर ठोकलं तर तडा जातो. शिवाय लाख भरल्यावर जाळ देता येत नाही, म्हणजे पुढे चीर पडली तर झाळता येणार नाही. बजेट कमी असेल तर बावीसमध्येच मणी कमी करून गाठवून घ्या. ठुशीचं एकवेळ अठरात जमतं. कुंदनाचं तर बोलायलाच नको. तिथे चोवीस कॅरेटची पट्टी नुसत्या दाबाने खड्याभोवती बसवतात आणि हिणाचा अंश जरी असला तरी ती बसत नाही.

लाखेच्या दागिन्यात लाखेचं वजन बिलात वेगळं लिहून घ्या. तेही सोन्याच्या भावाने विकणारे महाभाग आहेत.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या पाटल्या तपासल्या तर चौदा कॅरेट निघाल्या. त्या काळी एवढं हिणकस सोनं? — एक वाचक, साताऱ्याहून

पाटल्या १९६०च्या दशकातल्या असतील तर सोनाराला दोष देऊ नका. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी झाली. चीनशी युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलनाची चणचण, लोकांनी सोन्याकडे पाठ फिरवावी हा हेतू. लोकांनी पाठ फिरवली ती चौदा कॅरेटकडे. चोरून बावीसचे दागिने होत राहिले, आणि सचोटीने धंदा करणाऱ्या हजारो सोनारांची कामं गेली. चौदाची अट काही वर्षांतच उठली. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९०पर्यंत होता. पाटल्या टणक असल्यामुळेच नक्षी अजून शाबूत असणार. मोडू नका.

प्रश्न : इंग्लंडहून आणलेल्या साखळीवर ३७५ आणि बिबट्याचं तोंड आहे. इथे चालेल का? — एक वाचक, ठाणे

चालेल. बिबट्याचं तोंड ही लंडनच्या तपासणी कार्यालयाची खूण. नांगर असता तर बर्मिंगहॅम, गुलाब तर शेफील्ड, किल्ला तर एडिनबरा. ब्रिटनमध्ये नऊ कॅरेट १८५४पासून कायदेशीर आहे आणि तिथे ते कुणाला हलकं वाटत नाही. इथे मोडीत देताना सराफ तपासून ३७५ने पैसे देईल. आपल्या जुन्या दागिन्यावर भारतीय शिक्का नसला तरी विकायला हरकत नसते, शिक्क्याचं बंधन विकणाऱ्या सराफावर आहे.

प्रश्न : शिक्का खरा कसा ओळखायचा? — अनेक वाचक

तीन गोष्टी बघा : मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट आणि कस, जसं '१४के५८५' किंवा '९के३७५', आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक घाला. सराफाची नोंदणी, केंद्राचं नाव, नगाचा प्रकार आणि कस दिसतो. नगाचा प्रकार नक्की बघा. हातात झुमके आणि ॲपवर 'अंगठी' असेल तर क्रमांक दुसऱ्याच नगाचा चिकटवला आहे.

यात एक पळवाट आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला हॉलमार्क सक्तीचा नाही, आणि नऊ कॅरेटची विक्री नेमकी हलक्या कुड्या, चमक्या, पदकांतच जास्त होणार. शिक्का मागा, सराफ स्वेच्छेने करून देऊ शकतो. नाहीच म्हणाला तर बिलावर कस लिहून घ्या.

संशय आला तर नग मान्यताप्राप्त केंद्रात न्या. चार नगांपर्यंत तपासणीचे २०० रुपये घेतात. एक्स-रे यंत्र फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं, त्यामुळे मुलामा दिलेला नऊ कॅरेटचा नग त्यावर चौदा-अठरा दाखवू शकतो. वाद असेल तर आगीतली चाचणी मागा. तिच्यासाठी नगातला थोडा धातू कापून काढावा लागतो, पण तो निकाल शेवटचा. कस कमी निघाला तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळतो.

प्रश्न : चौदा किंवा नऊवर बँक तारण कर्ज देते का? — एक वाचक, जळगाव

अनेक बँका अठराच्या खाली हात लावत नाहीत, आधी शाखेत विचारा. घेतलं तर वजन बावीसमध्ये रूपांतरित करून मोजतात : ६ ग्रॅम नऊ कॅरेट म्हणजे बावीसचे २.४६ ग्रॅम. खडे, लाख, काळे मणी, दोरा यांचं वजन आधीच वजा होतं.